सिपनेच्या खोऱ्यातील पर्यटन : विकासाचे माप कोणते?

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची गाविलगड रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. परतवाडा सोडून धारणीकडे निघालेला प्रवासी घटांगचा घाट ओलांडून सेमाडोहच्या बाजूस उतरू लागला म्हणजे कपाशी आणि तुरीचा सपाट मुलूख मागे राहतो व सागाचे दाट रान सुरू होते. याच रानातून सिपना नदी वाहते. कोरकू बोलीत सागाला जे नाव आहे त्याच्याशी या नदीचे नाव जोडले जाते. सेमाडोह आणि कोलकास ही मेळघाटातील दोन सुपरिचित पर्यटनस्थळे सिपनेच्याच काठी वसली आहेत. घाटांचा मेळ तो मेळघाट. या डोंगराळ प्रदेशातून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या वाहतात आणि त्यांचे पाणी अखेरीस तापीला मिळते.

या खोऱ्याचे निसर्गवैभव राज्याला नवीन नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या राष्ट्रीय योजनेत प्रारंभी देशातील जी नऊ वने निवडण्यात आली, त्यांत मेळघाटचा समावेश होता. १९७४ मध्ये येथील प्रकल्प अस्तित्वात आला. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा यांचे हे आश्रयस्थान आहे. तब्बल ११३ वर्षे दृष्टीस न पडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये खानदेशात शहादा परिसरात पुन्हा आढळला. पुढे मेळघाट हे त्या दुर्मिळ पक्ष्याचे एक महत्त्वाचे वसतिस्थान असल्याचे निष्पन्न झाले. विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण असलेले चिखलदरा आणि १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात गाजलेला गाविलगड किल्ला याच रांगेवर आहेत. पर्यटकांचा ओघ वाढावा यासाठी लागणारे सर्व काही येथे आहे. म्हणूनच हा ओघ किती वाढू द्यावा, कोठे वाढू द्यावा आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडावा, हे आधी ठरविणे अगत्याचे झाले आहे.

पाऊस पुष्कळ, पाणी थोडे

मेळघाटात पाऊस भरपूर पडतो. श्रावणात धबधबे कोसळतात, दऱ्या धुक्याने भरून जातात आणि चिखलदऱ्याच्या रस्त्यावर वाहनांची रांग लागते. त्या दिवसांत येथे पाण्याचा तुटवडा पडेल असे कोणालाही वाटणार नाही. तथापि हाच चिखलदरा उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड देत असतो आणि परिसरातील काही गावांना टँकरची वाट पाहावी लागते.

याचे कारण भूरचनेत आहे. सातपुड्याचा हा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. चढ तीव्र, मातीचा थर पातळ आणि खडक अभेद्य असल्याने पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वेगाने वाहून जाते. मार्गशीर्ष सरता सरता ओढे आटतात. फाल्गुनानंतर सिपनेचा प्रवाहही अनेक ठिकाणी तुटतो आणि नदी डोहांच्या मालिकेच्या रूपाने उरते. सेमाडोह या नावातच ‘डोह’ आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वैशाखात हेच डोह वाघाचे, गव्याचे, माशांचे आणि काठावरील गुराढोरांचे जीवन असतात. वनविभागाला कृत्रिम पाणवठ्यांत टँकरने वा सौर पंपाने पाणी भरावे लागते, ते याच काळात.

आणि व्याघ्रदर्शनासाठी येणाऱ्या पर्यटकांचा हंगामही नेमका हाच. पाने गळालेली असतात, प्राणी पाणवठ्यावर येतात, शाळांना सुट्या असतात. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून वन्यजीव पाहण्याच्या उपक्रमास तर दूरदूरच्या शहरांतून निसर्गप्रेमी येतात. त्या रात्री मचाणावर बसणाऱ्यास एक सत्य आपोआप उमगते : साऱ्या रानाचे लक्ष त्या एका डोहाकडे लागलेले असते. पर्यटनाच्या नियोजनाचे लक्षही तेथेच असावयास हवे. सर्वांत कमी पाणी आणि सर्वांत अधिक पाहुणे हे दोन्ही एकाच महिन्यात येत असतील, तर खोऱ्याची क्षमता श्रावणातील धबधब्यावरून ठरविता येणार नाही. ती वैशाखातील डोहावरूनच ठरवावी लागेल.

खाटांचा हिशेब

हा विचार आकड्यांत मांडल्यास अधिक स्पष्ट होतो. ग्रामीण नळपाणी योजनांसाठी जलजीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. उपाहारगृहासह निवासाची सोय असलेल्या हॉटेलसाठी भारतीय मानकात दर खाटेमागे दररोज १८० लिटर पाणी गृहीत धरले जाते. समजा, खोऱ्यातील एखाद्या गावाशेजारी ३० खोल्यांचे, म्हणजे ६० खाटांचे निवासस्थान उभे राहिले. ते पूर्ण भरले असता त्याला दररोज १०,८०० लिटर पाणी लागेल. तेवढ्या पाण्यात ५५ लिटरच्या प्रमाणाने १९६ ग्रामस्थांची गरज भागते. अशी चार निवासस्थाने झाली तर ७८५ माणसांच्या वाट्याचे पाणी खर्ची पडेल. पोहण्याचा तलाव, हिरवळ व बगीचा यांचा खर्च यात धरलेलाच नाही.

हे पाणी बहुधा विंधन विहिरीतून उपसले जाते. नदीकाठच्या विंधन विहिरीचा उपसा आणि नदीतील डोह यांचा संबंध जमिनीखालून असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही. डोहाची पातळी आठ दिवस आधीच खाली गेली म्हणजे तो कळतो. वापरलेल्या पाण्याचेही तसेच आहे. शोषखड्डा नदीच्या काठावर असेल तर आटत्या डोहात मिसळलेली थोडीशी घाणही साऱ्या डोहाला पुरेशी होते. कारण ती वाहून नेणारा प्रवाहच त्या दिवसांत नसतो.

म्हणून निवासस्थानास परवानगी देताना जमीन किती आहे, हा पहिला प्रश्न असू नये. मे महिन्यात पाणी कोठून आणणार आणि सांडपाणी कोठे सोडणार, हा पहिला प्रश्न असावा. छपरावरील पावसाचे पाणी टाक्यात साठविणे, सांडपाणी शुद्ध करून झाडांना देणे आणि नदीकाठापासून पुरेसे अंतर सोडणे या अटी परवान्यातच असणे इष्ट ठरेल.

धारणक्षमता म्हणजे काय?

आजच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याची शक्ती खचू न देणारा विकास तो शाश्वत विकास, अशी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केली. पर्यटनाच्या बाबतीत या व्याख्येला व्यवहारात उतरविणारी संकल्पना म्हणजे धारणक्षमता. एखाद्या स्थळाला स्वतःचे स्वरूप न गमावता किती माणसे वा वाहने सामावून घेता येतील, याचे ते गणित आहे. व्याघ्र प्रकल्पांतील पर्यटनाचा प्रश्न २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. गाभाक्षेत्राचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनासाठी वापरू नये आणि प्रत्येक प्रकल्पाने आपली धारणक्षमता काढावी, असे त्यांत सांगण्यात आले.

हे गणित तीन पायऱ्यांनी करतात. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सफारीचा मार्ग ४० किलोमीटरचा असून दोन वाहनांमध्ये ५०० मीटर अंतर राखावयाचे आहे. एका वेळी ८० वाहने मार्गावर राहू शकतील. सकाळ व सायंकाळ अशा दोन फेऱ्या धरल्यास दिवसाला १६०. ही झाली भौतिक क्षमता. ती केवळ रस्त्याची लांबी सांगते. रस्ता घाटाचा असेल, काही भागाची धूप होत असेल, पाणवठ्याजवळ वाहनांना थांबू द्यावयाचे नसेल, तर त्या त्या कारणासाठी वजावट करावी लागते. धूप व घाट यांसाठी ४० टक्के वजा केल्यास ९६ वाहने उरतात. वन्यजीवांना होणाऱ्या उपद्रवासाठी आणखी चतुर्थांश वजा केल्यास ७२. ही वास्तविक क्षमता. देखरेखीसाठी आवश्यक तेवढ्या मनुष्यबळापैकी तीन-चतुर्थांशच उपलब्ध असेल, तर अंतिम संख्या ५४ येते. प्रारंभीच्या १६० चे अखेर ५४ होतात. यातून शिकावयाचे ते हेच की, रस्ता आहे म्हणून वाहने सोडता येत नाहीत.

या पद्धतीत वाहनांचा विचार आहे. सिपनेसारख्या खोऱ्यात तिला चौथ्या पायरीची, म्हणजे उन्हाळी पाण्याच्या वजावटीची जोड द्यावी लागेल. सफारीला दोन तासांसाठी आलेला पाहुणा रात्री कोठेतरी मुक्काम करतो. वाहनांवर मर्यादा असावी आणि खाटांवर नसावी, हे अर्धेच नियोजन झाले.

मर्यादा घातल्याने पर्यटन बुडते, ही भीती अनुभवाने खोटी ठरली आहे. सातारा जिल्ह्यातील कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. फुलांच्या हंगामात तेथे होणाऱ्या गर्दीला आवर घालण्यासाठी दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा व आगाऊ नोंदणीची पद्धत आणण्यात आली आणि व्यवस्थेत परिसरातील गावांच्या समित्यांना स्थान मिळाले. भूतान या हिमालयातील छोट्या देशाने तर थोडे पाहुणे आणि अधिक मोल हेच आपले धोरण ठरविले असून परदेशी पर्यटकांकडून दररोज शाश्वत विकास शुल्क घेतले जाते.

खोऱ्यातील माणूस

मेळघाट हे निर्जन अरण्य नाही. कोरकू हा येथील प्रमुख आदिवासी समाज. त्याशिवाय गोंड, निहाल, बलाई, गवळी असे अनेक समाज या डोंगरात राहतात. कोरकू भाषा मुंडा भाषाकुलातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांना महत्त्वाची वाटते. कोदो, कुटकी, ज्वारी, मका यांची कोरडवाहू शेती, मोहफुले व तेंदूपाने यांचे संकलन आणि मजुरी यांवर बहुतेकांची गुजराण होते. शेतीची कामे संपली की अनेक कुटुंबे कामाच्या शोधात खाली सपाटीवर आणि दूरच्या शहरांकडे जातात. बालकांच्या कुपोषणामुळे मेळघाटचे नाव १९९० च्या दशकापासून देशभर ऐकू येत राहिले. ज्या उन्हाळ्यात शहरातील कुटुंबे सहलीसाठी हा घाट चढतात, त्याच उन्हाळ्यात येथील कुटुंबे पोटासाठी तो उतरलेली असतात. पर्यटनाच्या नियोजनाला याहून मोठी कसोटी नाही.

व्याघ्र प्रकल्पासाठीही या माणसांनी मोल दिले आहे. २००७ मध्ये मेळघाटचे सुमारे १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र वाघांचा अत्यावश्यक अधिवास म्हणून अधिसूचित झाले. त्याआधीपासूनच बोरी, कोहा, कुंड या गावांपासून गाभाक्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनास सुरुवात झाली होती. पुढे अकोट वन्यजीव विभागातील केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा, धारगड, बारूखेडा, अमोना, नागरतास अशी गावेही डोंगर सोडून खाली आली. गवत वाढले, वन्यप्राण्यांना मोकळीक मिळाली. पण नव्या ठिकाणी जमीन, रोजगार व सोयींबाबतच्या पुनर्वसितांच्या तक्रारींनी २०१९ मध्ये तीव्र रूप धारण केले होते. ज्यांच्या गावठाणावर आज हरणे चरतात, त्यांचा त्या हरणांना पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या उत्पन्नावर पहिला हक्क आहे, हे तत्त्व आराखड्यात शब्दांनी नोंदविले गेले पाहिजे.

रुपया खोऱ्यात राहावा

पर्यटकाने खर्च केलेला पैसा कोठे जातो, याचा मागोवा घेतला तर विकासाचे खरे स्वरूप कळते. निवासस्थानाचा मालक शहरातला, भाजी व किराणा शहरातून आलेला, आचारी व व्यवस्थापक बाहेरचे आणि गावाच्या वाट्याला पहारा व झाडलोट, अशी रचना असेल तर रुपया खोऱ्यात येतो आणि त्याच वाहनाने परत जातो. तो खोऱ्यात थांबवावयाचा, तर तेथील घर, तेथील धान्य आणि तेथील ज्ञान यांना पर्यटनात स्थान द्यावे लागेल.

याची साधने उपलब्ध आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. वनालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. वन्यजीव संरक्षण कायद्यातील तरतुदीनुसार व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जमा होणारा पर्यटनाचा निधी स्थानिक विकासाकडे वळविता येतो. मेणाने लिंपलेल्या-सारवलेल्या गुळगुळीत हॉटेलांपेक्षा शेणाने सारवलेल्या अंगणातील कुटकीचा भात, मोथ्याकडील गवळ्यांचा खवा आणि आमझरीचा मध यांचे अगत्य पाहुण्यांना अधिक काळ स्मरणात राहील. धारणीजवळ लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या कारागिरीतून रोजगाराची जी वाट दाखविली, ती घरांच्या बांधणीपासून स्मरणवस्तूंपर्यंत उपयोगी पडणारी आहे. पक्ष्यांच्या आवाजावरून त्यांची जात सांगणारा तरुण मार्गदर्शक तर येथे गावोगाव घडविता येईल. वाघ दिसेलच असे नाही. पण रानपिंगळ्याचे झाड ठाऊक असलेला वाटाड्या पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही.

मात्र यजमानपद गावाकडे राहावयाचे असेल तर जमीनही गावाकडे राहिली पाहिजे. धारणी व चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आदिवासींची जमीन परवानगीवाचून बिगर-आदिवासींकडे हस्तांतरित होऊ नये, अशी तरतूद राज्याच्या जमीन महसूल संहितेत आहे. भाडेपट्टा वा भागीदारी या नावाखाली तिला वळसा घातला जाणार नाही, याची दक्षता महसूल यंत्रणेने घ्यावयाची आहे. पेसा कायदा १९९६ मध्ये झाला व त्याचे राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. वनहक्क कायदा २००६ चा. या कायद्यांनी ग्रामसभेच्या हाती निर्णयाचे बळ दिले आहे.

ते बळ वापरले की काय घडते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर हे गाव आहे. २०१२ मध्ये गावाला १९३ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड झालेल्या त्या टेकडीवर ग्रामस्थांनी चराई आवरली, माती-पाणी अडविले, झाडे लावली आणि सीताफळ व तेंदूपाने यांच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळवून दिले. २०१४ मध्ये या गावाचा राष्ट्रीय जैवविविधता पुरस्काराने गौरव झाला. जे गाव सीताफळाचा बाजार सांभाळते, ते पाहुण्यांच्या चार खोल्याही सांभाळू शकते.

डोंगराखालचा अकोला जिल्हा

हा प्रश्न केवळ डोंगरातील गावांचा नाही. सिपना उत्तरेकडे तापीस जाऊन मिळते. परंतु याच डोंगरातून दक्षिणेस उतरणारी वान नदी अकोला जिल्ह्यात येते आणि पूर्णेस मिळते. तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगड येथे तिच्यावर धरण असून त्याचा जलाशय हनुमान सागर या नावाने ओळखला जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते. अशा भागातील अनेक गावांच्या नळाला येणारे गोडे पाणी म्हणजे या डोंगरात पडलेला पाऊस होय. वरच्या रानाचे आरोग्य बिघडले तर त्याचा परिणाम खालच्या नळापर्यंत पोहोचतो.

अकोट तालुक्यातील नरनाळा किल्ला व त्याच्या पायथ्याचे शहानूर हे या बाजूचे प्रवेशद्वार. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे नाव नरनाळा होते. कोरीव कामाने नटलेला महाकाली दरवाजा, गडावरील तलाव आणि पाणी साठविण्याची जुनी टाकी आजही पाहावयास मिळतात. डोंगरमाथ्यावर शेकडो माणसे व जनावरे राहावयाची, तर आधी पावसाचे पाणी साठवावे, मग वस्ती करावी, हा नियम त्या दुर्गकारांनी पाळला होता. त्यांच्या तलावांनीच गडाची वस्ती किती असावी, हे ठरविले. आजच्या नियोजनकारांस नरनाळ्यावरून घेण्याजोगा हा धडा आहे. सिपनेच्या काठी एकवटणाऱ्या पर्यटकांचा काही भाग शहानूर, नरनाळा व वानच्या बाजूस वळविता आला, तर दोन्ही खोऱ्यांवरील भार विभागला जाईल. अर्थात तेथेही हाच हिशेब आधी मांडून.

आराखड्याचा क्रम

अशा आराखड्याचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम खोऱ्यातील डोह, झरे व विहिरी यांची उन्हाळ्यातील पातळी गावकऱ्यांच्या साहाय्याने किमान तीन वर्षे नोंदवावी. गावाची, गुरांची आणि वन्यजीवांची गरज वजा केल्यावर जे पाणी उरेल, त्यावरून खोऱ्यातील खाटांची कमाल संख्या ठरवावी. त्या खाटांचा मोठा हिस्सा गावातील घरांसाठी व पुनर्वसित कुटुंबांसाठी राखून ठेवावा. वाहने, कचरा व ध्वनी यांचे नियम ग्रामसभेसमोर वाचून, शक्य तेथे कोरकूतून समजावून, तिच्या संमतीने लागू करावेत. पावसाळ्यातील सहली, शरदातील पक्षीनिरीक्षण, हिवाळ्यातील गडदर्शन आणि होळीचा कोरकू सण अशी वर्षभराची विभागणी करून उन्हाळ्यातील गर्दी हलकी करावी. दर वर्षी ज्येष्ठारंभी, म्हणजे डोह सर्वांत खाली गेलेला असताना, आराखड्याचा आढावा घ्यावा.

यातील कोणतीही गोष्ट फार खर्चाची नाही. डोहाच्या काठी रोवलेली, आकडे रंगविलेली एक पट्टी आणि दर आठवड्याला त्यावरील आकडा वहीत टिपणारी शाळेतील मुले, एवढ्यावर पहिली पायरी पार पडते. खोऱ्यात किती पाहुणे यावेत, याचे उत्तर अमरावतीच्या, अकोल्याच्या वा मुंबईच्या कार्यालयातील टेबलावर तयार होण्याऐवजी सिपनेच्या काठावरील त्या पट्टीवर वाचता येईल. ते उत्तर पाळले गेले, तर घाट चढून येणाऱ्या पाहुण्याला नदी भेटेल आणि त्याचे स्वागत करण्यासाठी गावातील घर उन्हाळ्यातही उघडे असेल.